डॉक्टरांची चिठ्ठी आणि देशाची सरासरी

एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे गेली तर काय होते, हे शिक्षकांना सांगायला नको. निबंधाला एक जण दहापैकी सहा गुण देतो, दुसरा चार देतो. दोघेही अनुभवी आणि दोघेही प्रामाणिक असतात. म्हणून तर मोठ्या परीक्षांमध्ये मॉडरेटर नेमावे लागतात. डॉक्टरांच्या बाबतीत मात्र आपण असा विचार सहसा करत नाही. दुखणे एक असले म्हणजे उपचारही एकच असणार, मग डॉक्टर या गावातला असो की त्या गावातला, असे आपण धरून चालतो. हा समज कितपत खरा आहे, हे तपासण्याचा इतिहास मोठा रंजक आहे. त्याची सुरुवात शाळेतल्या मुलांपासून झाली, म्हणून तो शिक्षकांपुढे मांडावासा वाटतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेत मुलांचे टॉन्सिल काढून टाकण्याची जणू साथच आली होती. वारंवार घसा दुखतो, सर्दी होते, वजन वाढत नाही, अभ्यासात लक्ष नाही, अशा कितीतरी तक्रारींवर ही शस्त्रक्रिया सुचवली जाई. अमेरिकेतील बालआरोग्याचे काम करणाऱ्या एका संघटनेने न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमधील अकरा वर्षांच्या १००० मुलांची पाहणी केली. ती १९३४ साली प्रसिद्ध झाली. या हजारांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुले शाळेच्या डॉक्टरांना दाखवली, तेव्हा त्यांनी १७४ मुलांना शस्त्रक्रिया सुचवली. म्हणजे सुमारे ४५ टक्के.

इथवर काही विशेष नाही. गंमत पुढे आहे. ज्या २१५ मुलांचे टॉन्सिल ठीक असल्याचा निर्वाळा मिळाला होता, ती मुले दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली. पहिल्या तपासणीचा निकाल या डॉक्टरांना ठाऊक नव्हता. त्यांनी ९९ जणांचे टॉन्सिल काढायला सांगितले, म्हणजे ४६ टक्के. दोनदा 'ठीक' ठरलेली ११६ मुले तिसऱ्या वेळी दाखवली. या वेळी ५१ जणांना शस्त्रक्रिया सुचवली गेली, म्हणजे ४४ टक्के. शेवटी हजारांत फक्त ६५ मुले अशी उरली, की ज्यांना कोणीच शस्त्रक्रिया सांगितली नव्हती. हा क्रम आणखी चालू ठेवला असता तर त्यांच्यातलीही निम्मीशिम्मी गेली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

तिन्ही वेळचे प्रमाण पाहा: ४५, ४६, ४४. मुले बदलत गेली, गळे अधिकाधिक निरोगी होत गेले, पण टक्केवारी जागची हलली नाही. याचा अर्थ डॉक्टर समोरच्या मुलाचा घसा तर पाहत होतेच, पण त्याबरोबर 'साधारण निम्म्या मुलांचे टॉन्सिल वाईट असतात' ही मनातली ठाम कल्पनाही पाहत होते. वर्गात सगळी मुले हुशार असली तरी दोन-चार जणांना नापास केल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, असे परीक्षक आपल्याला आठवतील.

हॉर्न्सीमध्ये काय घडले

जेम्स ॲलिसन ग्लोव्हर हे इंग्लंडच्या शिक्षण मंडळातील वैद्यकीय अधिकारी. १९०७ पासून इंग्लंडमध्ये शालेय वैद्यकीय सेवा होती, आणि कोणत्या भागात किती शाळकरी मुलांचे टॉन्सिल काढले याच्या नोंदी दरवर्षी होत असत. या नोंदी वर्षानुवर्षे जमत होत्या. त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याचे काम ग्लोव्हर यांनी केले आणि १९३८ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे निष्कर्ष मांडले. शेजारशेजारच्या परगण्यांतही शस्त्रक्रियांचे प्रमाण कित्येक पटींनी वेगळे होते. गरिबी, दाटीवाटीची घरे, हवामान यांपैकी कशाशीही हा फरक जुळेना. उलट ज्या सुखवस्तू घरांतील मुलांना आजार कमी असायला हवेत, त्यांच्यातच शस्त्रक्रिया अधिक होत्या. ग्लोव्हर यांनी शेवटी सरळ लिहिले की, डॉक्टरांच्या मतांतील फरक हेच याचे एकमेव कारण दिसते.

त्यांनी दिलेले एक उदाहरण फार बोलके आहे. लंडनच्या उत्तरेला हॉर्न्सी नावाचा भाग आहे. तिथे १९२८ साली १८६ शाळकरी मुलांचे टॉन्सिल काढले गेले. १९२९ साली ही संख्या १२ वर आली. हॉर्न्सीची हवा एका वर्षात सुधारली नव्हती, की पाणी बदलले नव्हते. बदलले होते ते शालेय वैद्यकीय अधिकारी. नवे अधिकारी आले आणि त्यांना ही शस्त्रक्रिया क्वचितच गरजेची वाटत होती, एवढेच.

ही शस्त्रक्रिया म्हणजे किरकोळ बाब असे कोणी समजू नये. भूल देताना किंवा नंतरच्या रक्तस्रावाने दरवर्षी काही मुले दगावत असत. आपले मूल हॉर्न्सीत १९२८ साली घसा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे गेले की १९२९ साली, यावर त्याने हा धोका पत्करायचा की नाही हे ठरत होते.

ग्लोव्हर यांच्या निबंधाने मोठी खळबळ उडाली असे मात्र नाही. हीच गोष्ट पुन्हा नव्याने सापडायला पस्तीस वर्षे जावी लागली. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात जॉन वेनबर्ग नावाचे तरुण डॉक्टर एका सरकारी योजनेवर काम करत होते. कोणत्या दुर्गम भागात आरोग्यसेवा कमी पडते ते शोधायचे, हे त्यांचे काम. राज्यातील २५१ गावांची १३ रुग्णालयांच्या परिसरांत विभागणी करून त्यांनी आणि संख्याशास्त्रज्ञ ॲलन गिटलसन यांनी हिशेब मांडला. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण एका परिसरात दहा हजार लोकांमागे १३ होते, तर दुसऱ्या परिसरात १५१. हा लेख १९७३ च्या डिसेंबरात 'सायन्स' या नियतकालिकात आला, वैद्यकाच्या नियतकालिकांनी तो आधी परत पाठवला होता. वेनबर्ग यांची स्वतःची मुले वॉटरबरीच्या शाळेत जात. तिथे पंधराव्या वर्षापर्यंत सुमारे २० टक्के मुलांचे टॉन्सिल काढलेले असत. हाकेच्या अंतरावर सुरू होणाऱ्या स्टोव्ह गावात हेच प्रमाण ७० टक्के होते.

आता प्रश्न असा, की डॉक्टरांना ही आकडेवारी दाखवली तर काय होईल? व्हर्माँटमध्ये ती दाखवली गेली. सर्वांत जास्त शस्त्रक्रिया करणाऱ्या परिसरातील डॉक्टरांनी स्वतःच्या नोंदी पुन्हा पाहिल्या, शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याची पद्धत पाडली, आणि प्रमाण झपाट्याने खाली आले. त्यांच्यावर कोणी खटला भरला नव्हता की दंड केला नव्हता. आपण इतरांपेक्षा इतके वेगळे वागतो, हे त्यांना तोपर्यंत कळलेलेच नव्हते. दवाखान्यात बसून दिवसाला चाळीस रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला शेजारच्या गावातला डॉक्टर काय करतो हे दिसायला काही मार्गच नसतो. आपापल्या वर्गाचे दार लावून शिकवणाऱ्या शिक्षकाची स्थिती याहून फार वेगळी नसते.

चिठ्ठ्यांचा ढीग

शस्त्रक्रिया माणसाच्या वाट्याला आयुष्यात एखाददुसरी येते. डॉक्टरांची चिठ्ठी मात्र पुन्हा पुन्हा येते. त्यामुळे सवयींचा अभ्यास करायला चिठ्ठ्यांसारखे साधन नाही. अडचण एवढीच, की त्या सगळ्या एका ठिकाणी गोळा कशा व्हायच्या?

इंग्लंडमध्ये त्या आपोआप गोळा होत होत्या, आणि त्याचे कारण विज्ञान नव्हते, हिशेब होता. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानंतर विमा उतरवलेल्या कामगारांच्या औषधांचे पैसे विम्यातून दिले जाऊ लागले. केमिस्टने औषध द्यायचे, चिठ्ठी ठेवून घ्यायची आणि महिन्याच्या शेवटी सगळ्या चिठ्ठ्या पैशांसाठी पाठवायच्या. १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि हीच पद्धत साऱ्या जनतेला लागू झाली. प्रत्येक चिठ्ठीची किंमत काढण्याचे काम पुढे न्यूकॅसल येथे मुख्यालय असलेल्या एका सरकारी संस्थेकडे आले. फार खर्च करणाऱ्या डॉक्टरला सरकारी वैद्यकीय अधिकारी भेटून समज देत, पण चिठ्ठ्यांच्या त्या डोंगरातून काही शिकण्याजोगे बाहेर काढायला संगणकाचीच वाट पाहावी लागली.

१९८८ साली ते साधले. त्या वर्षापासून इंग्लंडमधील प्रत्येक फॅमिली डॉक्टरला दर तीन महिन्यांनी एक अहवाल टपालाने येऊ लागला. तुम्ही किती औषधे लिहिली, त्यांचा खर्च किती झाला, आणि तुमच्या भागाची व देशाची सरासरी किती, हे त्यात शेजारी शेजारी दिलेले असे. भागाच्या सरासरीहून ज्यांचा खर्च २५ टक्क्यांनी जास्त, त्यांना अधिक तपशिलाचा अहवाल जाई. कोणाला हवी असेल तर आपण लिहिलेल्या प्रत्येक औषधाची यादीही मागवता येई. म्हणजे डॉक्टरला स्वतःचे प्रगतिपुस्तकच मिळू लागले.

हे प्रगतिपुस्तक वाचायचे कसे, यावर लगेच वाद सुरू झाले, आणि ते योग्यच होते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वर्गात फळ्यावर करून दाखवण्याजोगे आहे. दोन डॉक्टर आहेत आणि दोघांकडेही २००० माणसे नोंदलेली आहेत. पहिल्या डॉक्टरने वर्षात १६,००० औषधे लिहिली, दुसऱ्याने १४,४००. माणशी हिशेब केला तर पहिल्याची ८ आणि दुसऱ्याची ७.२. पहिला डॉक्टर औषधांचा मारा करतो, असे आपण म्हणू. आता आणखी एक माहिती मिळाली. पहिल्याकडे ६५ वर्षांवरील ६०० माणसे आहेत, दुसऱ्याकडे २००. म्हाताऱ्या माणसांना रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी असते आणि औषधे जास्त लागतात. इंग्लंडमध्ये १९८३ पासून एक ढोबळ नियम वापरात होता, की ६५ वर्षांवरील एक माणूस तीन माणसांबरोबर धरायचा. तसे केले तर पहिल्याकडे १४०० अधिक १८००, म्हणजे ३२०० एकके होतात. दुसऱ्याकडे १८०० अधिक ६००, म्हणजे २४०० एकके. आता भागाकार करा. पहिल्याची एककामागे औषधे ५ आणि दुसऱ्याची ६!

एका साध्या दुरुस्तीने निकाल उलटला. १९९३ साली या ढोबळ नियमाऐवजी वयोगट आणि स्त्री-पुरुष असा भेद करणारी अधिक बारीक कोष्टके आली. तरीही गरिबी, धूळ-धुराचा कारखाना जवळ असणे, गावात वृद्धाश्रम असणे अशा कितीतरी गोष्टी कोष्टकाबाहेर राहतातच. खर्च कमी असणे हेही नेहमी चांगले लक्षण नसते. दम्याच्या मुलांना रोज घ्यायचे श्वसनाचे औषध न देणाऱ्या डॉक्टरचा खर्च कमी दिसेल, पण त्याची किंमत ती मुले रात्री धापा टाकत मोजत असतील.

एका पत्राचा प्रयोग

अँटिबायोटिकच्या बाबतीत मात्र 'कमी' याचा अर्थ बराच स्पष्ट आहे. साधी सर्दी आणि बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. उलट जितके वापरावे तितके त्याला दाद न देणारे जिवाणू वाढतात. तरीही चिठ्ठीवर ते येते, कारण डॉक्टरला वाटते की रुग्णाला हवे आहे आणि रुग्णाला वाटते की डॉक्टरने दिले म्हणजे हवेच असणार.

२०१४ च्या सप्टेंबरात इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांच्या सहीचे एक पत्र काही डॉक्टरांना गेले. आपापल्या भागात अँटिबायोटिक सर्वांत जास्त लिहिणाऱ्या २० टक्क्यांत असलेले १५८१ दवाखाने आधी निवडले होते. पत्रातला मुख्य मजकूर एवढाच, की तुमच्या भागातील ८० टक्के दवाखाने माणशी तुमच्यापेक्षा कमी अँटिबायोटिक लिहून देतात. सोबत काही साध्या सूचना होत्या. त्यांतली एक म्हणजे चिठ्ठी द्यायची, पण 'दोन-तीन दिवसांत बरे वाटले नाही तरच औषध आणा' असे सांगून द्यायची.

पत्र मात्र सर्वांना पाठवले नाही. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ७९१ दवाखान्यांना पाठवले आणि ७९० दवाखान्यांना पाठवले नाही. असे का केले असावे? इथे शिक्षकांना परिचित असलेली एक गोष्ट आहे. एखाद्या चाचणीत वर्गात पहिल्या आलेल्या दहा मुलांची पुढच्या चाचणीतली सरासरी पाहा. ती बहुधा थोडी घसरलेली असते. मुले बिघडलेली नसतात. पहिल्या वेळी त्यांना अभ्यासाबरोबर थोडी नशिबाचीही साथ असते आणि ती दर वेळी मिळत नाही. तसेच टोकाचे दवाखाने पत्राशिवायही पुढच्या खेपेला सरासरीकडे थोडे सरकणारच. तेवढ्या घसरणीचे श्रेय पत्राला जाऊ नये, म्हणून तुलनेसाठी पत्र न मिळालेला गट हवा.

सहा महिन्यांनी हिशेब झाला. पत्र न मिळालेल्या दवाखान्यांत हजार लोकांमागे १३१.२५ वेळा अँटिबायोटिक लिहिले गेले, पत्र मिळालेल्यांत १२६.९८ वेळा. फरक सुमारे ३.३ टक्के. आकडा लहान वाटेल, पण तो सुमारे ७३,००० चिठ्ठ्यांचा होता आणि खर्च टपालाचा. याच प्रयोगाचा दुसरा भाग रुग्णांसाठी होता. दवाखान्यांत भित्तिपत्रके लावली, पत्रके वाटली. त्याचा काहीही परिणाम दिसला नाही. भित्तिपत्रके लावून समाजप्रबोधन होते असे मानणाऱ्या आपल्या सर्वांनाच हा निकाल जरा टोचणारा आहे.

आता या माहितीवर डॉक्टरांची किंवा सरकारची मक्तेदारी राहिलेली नाही. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २०१५ साली अशी सोय केली, की इंग्लंडमधील कोणत्याही दवाखान्याच्या चिठ्ठ्यांचा गोषवारा, रुग्णांची नावे वगळून, कोणालाही पाहता यावा.

सरासरीपासून दूर म्हणजे दोषी?

इंग्लंडमध्ये हाइड या गावी हॅरॉल्ड शिपमन नावाचा डॉक्टर होता. रुग्णांच्या नावाने डायमॉर्फिन, म्हणजे हेरॉइनच, लिहून तो त्याचा साठा करी आणि वृद्ध रुग्णांना टोचून मारी. २००० साली पंधरा खुनांबद्दल त्याला शिक्षा झाली. चौकशी समितीने २००२ साली बळींची संख्या २१५ असल्याचे नोंदवले. आपल्याच गावातला लोकप्रिय डॉक्टर! नंतर संख्याशास्त्रज्ञांनी त्याच्या रुग्णांच्या मृत्यूंचे आकडे सरासरीशी ताडून पाहिले, तेव्हा दिसले की कोणी हे आधी पाहिले असते तर १९८० च्या दशकातच संशय यायला हवा होता.

मग इतर डॉक्टरांचेही आकडे तसेच तपासले गेले, तेव्हा आणखी काही जण धोक्याच्या रेषेपलीकडे दिसले. तपशिलात शिरल्यावर कळले, की त्यांचे पुष्कळ रुग्ण शुश्रूषागृहांत राहणारे वृद्ध होते. जे म्हातारे अखेरच्या दिवसांत होते, त्यांची काळजी घेणारे हे डॉक्टर. आकड्यांच्या तक्त्यात मात्र ते एका खुन्याच्या शेजारी जाऊन बसले होते. तक्ता फक्त कोणाकडे जाऊन विचारायचे तेवढे दाखवतो. विचारावे लागतेच.

आणि सरासरीच चुकलेली असेल तर? १९३० च्या दशकात टॉन्सिल काढण्याची इंग्लंडची सरासरी हीच मुळी अवाजवी होती. त्या सरासरीशी तंतोतंत जुळणारा डॉक्टर काही शहाणा ठरत नाही. हॉर्न्सीचे नवे अधिकारी सरासरीपासून फार दूर होते, आणि त्यांचेच बरोबर होते.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवावा लागला. डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातील औषधांचा पुरवठा आणि वापर यांचा अभ्यास केला. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापुढे देशाची सरासरी अशी काही नव्हतीच. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठ्या त्यांनी सरासरीशी न ताडता वैद्यकशास्त्राने ठरवलेल्या उपचारांशी ताडल्या: या दुखण्याला हे औषध लागते का, इंजेक्शनची गरज होती का, एका गोळीत दोन-तीन औषधे कशासाठी? शेजारी काय करतो हे विचारण्यापेक्षा हा प्रश्न अवघड आहे, कारण त्यासाठी प्रत्येक चिठ्ठी वाचावी लागते आणि ती का लिहिली ते समजून घ्यावे लागते.

सरासरी काढायची म्हटले तरी आपल्याकडे ती कशी काढणार? इंग्लंडमध्ये प्रत्येक माणसाचे नाव एका ठरावीक दवाखान्यात नोंदलेले असते, त्यामुळे भागाकारासाठी खालचा आकडा हाताशी असतो. आपण आज या डॉक्टरकडे जातो, गुण आला नाही तर परवा दुसऱ्याकडे. केमिस्ट चिठ्ठी पाहून परत देतो आणि ती आपल्या खिशात, नंतर धुण्याच्या बादलीत जाते. कित्येक दवाखान्यांत तर चिठ्ठीही नसते. डॉक्टर डब्यातून गोळ्या काढून कागदाच्या पुडीत बांधून देतात, 'एक सकाळी, एक रात्री' एवढे सांगतात, आणि त्या पुडीवर औषधाचे नाव लिहिलेले नसते.